जरा थांबलेल्या

ख्रोनिंगनला सकाळी साडेसातला
यान्टिने सायकलला कुलूप घालते,
वाऱ्याने विस्कटलेले केस टोपीत कोंबते
आणि इनक्युबेटरचं दार उघडते.
सदतीस अंश. कुणाच्या तरी कुशीइतकी ऊब.

आत तिची आई आहे.
म्हणजे आईच्या दंडाची तांदळाएवढी कातडी,
चार वर्षांपूर्वी डेल्फझाइलच्या वृद्धाश्रमात
रीतसर सही घेऊन काढलेली,
आता गुलाबी द्रवात पसरलेली :
दाता क्रमांक सतरा.
सतरा म्हणजे वीत्स्के, हे इथे फक्त हिलाच ठाऊक.
सहीच्या जागी आईने आधी माहेरचं आडनाव लिहिलं होतं.
ते खोडलेलंही फाइलीत जपून ठेवलंय.

सुरुवातीला काय वाढायच्या!
एकीच्या दोन, दोनाच्या चार,
दर गुरुवारी एका फ्लास्कचे दोन फ्लास्क.
शेजारणीला कोपर लागलं की आवरतं घ्यायचं,
एवढी रीत त्यांना उपजतच.
एकेचाळिसाव्या खेपेला मंदावल्या.
त्रेचाळिसाव्याला थांबल्या.

मेल्या नाहीत.
हेच तर दुखणं, ओक्को म्हणतो.
वाढत नाहीत, मरत नाहीत,
तव्यावर फोडलेल्या अंड्यासारख्या पसरतात
आणि बसल्या जागेवरून अख्ख्या आळीला
ऐकवत राहतात.
ऐकून ऐकून शेजारच्या धडधाकटही
गुडघ्यावर हात टेकून उठायला लागतात.
पैसे देणारे पाहुणे येतात तेव्हा
ओक्कोच्या पडद्यावर या पेशी भुतं असतात, दातांसकट.
त्या चित्राच्या वेळी यान्टिने
कॉफी आणायला जाते.

रंग घातला, रात्रभर ठेवला.
सकाळी निळ्या.
आईच्या चुलीमागच्या फरश्यांचा निळा.
अंगठ्याखाली मोजणीचं यंत्र टिकटिकतं :
शंभरातल्या एक्क्याण्णव.

शनिवारी ती बंदराकडच्या खिडकीशी बसते.
सूप अळणी. खोली गार. कुणीतरी माझा चष्मा नेला.
मीन्टा अजून कशी आली नाही?
मीन्टामावशीला जाऊन तीस वर्षं झाली.
परिचारिका मान हलवतात, दार ओढून घेतात.
खाली एक जहाज, कसला तरी पांढरा ढीग घेऊन,
इतकं हळू वळतं
की वळलंय हे वळून झाल्यावर कळतं.

औषध दोन गोष्टींचं :
रक्ताच्या कर्करोगावरची एक गोळी,
आणि कांद्याच्या सालीत असतं ते पिवळं.
म्हाताऱ्या उंदरांना दिलं. निळ्या ओसरल्या.
उंदीर चाकावर दुप्पट धावले.
ओक्कोने केक आणला, सगळ्यांना पुरला नाही.

मग मार्चमधल्या जखमा.
पाठीवर सहा मिलिमीटर, सगळ्यांना सारख्याच.
औषध न घेतलेल्यांच्या बाराव्या दिवशी मिटल्या.
घेतलेल्यांच्या विसाव्यालाही उघड्या.
मोजण्यात चूक असेल, ओक्को म्हणाला.
तिने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही.
कातडी फाटते तिथे काठाशी
याच थांबलेल्या येऊन बसतात म्हणे,
आणि तीच कटकट तिथे हाक होते :
इकडे या गं, इथे फाटलंय.
काम झालं की उठून जातात.
ज्या उठत नाहीत त्यांचंच काय ते.
पण उठणार कोण आणि बसून राहणार कोण,
हे औषधाला कोण सांगणार?

आज सतराव्याची पाळी.
दोन फ्लास्क. एकात औषध, एकात नुसता द्रव.
कशात काय, ते नाणं ठरवतं, नियमच तसा आहे.
ती नाणं उडवते, झेलते,
मूठ उघडायला तिला नेहमीपेक्षा
थोडा जास्त वेळ लागतो.
मग वहीत तारीख, वेळ, थेंब.
बहात्तर तासांनी बघायचं.

शनिवारी आईच्या नडगीला पट्टी.
पलंगाचा कोपरा लागला.
"खाजतंय," आई म्हणते, "किती दिवस हे?"
बोटं पट्टीखाली शिरायला बघतात.
यान्टिने तो हात आपल्या हातात घेते.
पातळ, निळ्या शिरांचा, अजून ऊन.
"खाजतंय म्हणजे भरतंय, आई.
उपटू नकोस.
जरा थांब."